डाव्या हाताचा कशिदा

गडहिंग्लजच्या मज्जासंधान केंद्रात पहिल्यांदा आलेला माणूस चुकून दुसऱ्या मजल्यावर गेला, तर आपण एखाद्या महिला मंडळात शिरलो असं त्याला वाटायचं. उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्यांपाशी नऊ बायका ओळीनं बसलेल्या असत. बहुतेकींच्या अंगावर इरकल साडी, डोळ्यांपुढे जाड भिंग आणि हातात केसाएवढी बारीक सुई. कुणी बोलत नसे, कारण सगळ्यांचे ओठ मोजण्यात गुंतलेले असत. दोन उभे धागे सोडायचे, दोन आडवे उचलायचे. त्यांच्या आया आणि आत्या लुगड्याच्या पदरावर गोपूर आणि पालखी भरताना असंच मोजत असत. या नऊ जणी मात्र माणसांचे तुटलेले मज्जातंतू जोडायच्या कामाला बसल्या होत्या.

हात खोलवर कापला गेला की मेंदूपासून बोटांपर्यंत जाणारा मज्जातंतू तुटतो. तो पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. पण मध्ये अंतर पडलं असेल तर तो वाट चुकतो आणि भलतीकडेच जाऊन थांबतो. त्याला वाट दाखवण्यासाठी डॉ. शरयू शिरगुप्पे यांनी 'मज्जासेतू' तयार केला. मज्जासेतू म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ, विणलेलं पटल. त्यावर रुग्णाच्याच शरीरातल्या पेशी वाढवलेल्या सजीव धाग्यानं पाच ओळी भरायच्या, प्रत्येक बोटासाठी एक. सेतू जखमेत बसवला की मज्जातंतू त्या टाक्यांवरून वाढत पलीकडे पोचे आणि पटल हळूहळू विरघळून जाई.

शरयूनं हे काम आधी यंत्राला देऊन पाहिलं होतं. शिवणयंत्राला वरचा आणि खालचा असे दोन धागे लागतात. प्रत्येक टाक्याला ते एकमेकांत अडकतात आणि त्या अडकण्यापाशी मज्जातंतूची वाढ थांबायची. तेव्हा तिला इरकल लुगड्यांवर हातानं भरली जाणारी कसुती आठवली. कसुतीच्या गवंती टाक्यात धागा एकच असतो आणि गाठ कुठेच नसते. सुई एक घर भरत, एक घर सोडत पुढे जाते आणि परत येताना सोडलेली घरं भरत येते. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मेंदूचा हुकूम बोटाकडे नेणारी एक वाट आणि बोटाला काय लागलं ते मेंदूला कळवणारी दुसरी वाट, या दोन्ही अशा टाक्यात आपोआप तयार होत होत्या.

मग तिनं यंत्रमानवाच्या हातून गवंती भरून घेतली. सगळे टाके तंतोतंत सारखे आले. ज्याला तो सेतू बसवला त्याचा हात हलू लागला, पण पाचही बोटं एका क्षणी सापळ्यासारखी मिटायची. त्याला अंडं धरता येईना की सदऱ्याचं बटण लावता येईना. बायकांनी भरलेल्या सेतूचं तसं होत नव्हतं. त्यांचा टाका कुठे ताठ, कुठे सैल असे. त्यामुळे हुकूम एका बोटाला अंमळ आधी, दुसऱ्याला अंमळ नंतर पोचायचा, आणि मग तो हात माणसाच्या हातासारखा वागायचा.

या नऊ जणींमध्ये सगळ्यांत जुनी चन्नव्वा मगदूम. वय बासष्ट, गाव नूल. आत्याकडून कसुती शिकलेली. छापील काठ आले आणि गावात हातानं भरणाऱ्या तिघीच उरल्या. चन्नव्वाचा मुलगा बंगळुरूला गेला, सुनेला सुईची आवड नव्हती. आपल्यानंतर हे कुणी करणार नाही, असं तिनं धरूनच चाललं होतं. अशात एक दिवस डॉक्टरीण दारात आली. त्यानंतरच्या सहा वर्षांत चन्नव्वानं एक्केचाळीस हात भरले होते.

एका दुपारी त्या एक्केचाळीस जणांपैकी काही वार्षिक तपासणीसाठी आले होते. व्हरांड्यात बाकावर बसून ते उकडलेल्या शेंगा खात होते. चन्नव्वा जेवायला खाली निघाली होती. साखर कारखान्यातल्या चौगुल्यांना तिनं ओळखलं आणि विचारपूस करायला थांबली. चौगुले शेंगा सोलत होते. प्रत्येक शेंग उचलण्याआधी त्यांची करंगळी वर उडायची आणि अंगठा तर्जनीवर दोनदा घासला जायचा.

चन्नव्वाचं बोलणं अर्ध्यावर राहिलं. धागा ओढला की त्याचा पीळ बघायला ती स्वतः असंच करायची. करंगळी वर, अंगठा दोनदा. तिच्या आत्याचीही हीच सवय होती.

तिनं शेजारच्या बाईकडे पाहिलं. ती पदर सारखा करत होती. करंगळी वर, अंगठा दोनदा. पलीकडच्या तरुणानं पाण्याची बाटली उचलली. तेच!

जेवण तसंच टाकून ती शरयूच्या खोलीत गेली.

"बाई, त्या लोकांच्या हातात माजा हात आलाय."

शरयूनं तिला खुर्ची दिली. मग पडद्यावर काही आलेख उघडले. "मला दोन महिन्यांपासून शंका होती, अव्वा. खात्री नव्हती म्हणून बोलले नाही."

"पर सवय तर डोक्यात असती न्हवं? हातात कशी जाईल?"

"हुकूम डोक्याचाच असतो. पण तो ज्या वाटेनं जातो ती तुमच्या टाक्यांची. तुम्ही कुठे धागा आवळता, कुठे सैल सोडता, त्यावर कुठलं बोट आधी हलणार आणि कुठलं मागे राहणार, हे ठरतं. तुमच्या बोटांचा जो ताल तुमच्या टाक्यात उतरतो, तोच त्यांच्या बोटांत उतरतोय. यंत्राचे टाके अगदी सारखे होते, म्हणून हात जिवंत वाटत नव्हता. टाक्यात थोडा वाकडेपणा हवाच. आणि तो कुणाचा तरी असणारच."

"त्यांस्नी ठावं हाय?"

"नाही." शरयू खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "त्यांचं काही बिघडत नाही, अव्वा. हात उत्तम चालतात. आणि मी हे जाहीर केलं तर लोक घाबरतील. कदाचित हे केंद्र बंद करायला लावतील. तुमच्या नऊ जणींचं काम जाईल. ज्यांना हात मिळू शकतो, त्यांना तो मिळणार नाही."

चन्नव्वानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "काम जाईल तर जाईल. घरात पावणा ठेवायचा तर घरवाल्याला इचारायला नको? तो हात त्यांचा हाय. मी त्यात जाऊन बसलोय, आनि त्यांस्नी पत्ता न्हाई. हे मला झोपू द्यायचं न्हाई. सांगा तुमी."

शरयूनं सांगितलं. आधी जुन्या रुग्णांना, मग येणाऱ्या प्रत्येकाला. तिला वाटली होती तेवढी खळबळ झाली नाही. बहुतेक लोक हसले. चौगुले तर खास चन्नव्वाला भेटायला आले आणि म्हणाले, "मला वाटलं म्हातारपणानं व्हतंय! राहू दे की अव्वा. हात हाय हेच लई."

केंद्र चालू राहिलं. मग मार्चमध्ये तन्मयी ऐनापुरे आली.

तन्मयी निपाणीच्या मूकबधिर शाळेत शिक्षिका होती. स्वतः जन्मापासून बहिरी. वादळात घराच्या खिडकीचं तावदान लावताना काच फुटली आणि उजवा हात मनगटाच्या जरा वर चिरला गेला. बोटं निर्जीव लोंबत होती. सोबत तिचे वडील भूपाल ऐनापुरे होते, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, मितभाषी. ते आणि त्यांची मुलगी एरवी खुणांच्या भाषेत बोलत. पण अपघातापासून तन्मयीनं खुणा करणं सोडून दिलं होतं. डाव्या हातानं ती एका बोलक्या पाटीवर टाइप करायची आणि पाटी ते वाचून दाखवायची; समोरच्याचं बोलणं त्याच पाटीवर अक्षरांत उमटायचं.

शरयूनं तिला सेतू समजावला, आणि ठरल्याप्रमाणे हातात उतरणाऱ्या लकबीबद्दलही सांगितलं. समोर बसलेल्या चन्नव्वाचीही तिनं ओळख करून दिली.

तन्मयीनं पाटीवर ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं. पाटीचा सपाट आवाज म्हणाला, "मग मला हे नको."

"का?" शरयूनं विचारलं.

"तुम्ही हातानं काम करता. मी हातानं बोलते. प्रत्येकाच्या खुणेला स्वतःचा आवाज असतो. दोन बहिऱ्या माणसांच्या खुणा पाठमोऱ्या बघूनही मी कोण बोलतंय ते सांगू शकते. माझी आई बहिरी होती. तिच्याकडूनच मी बोलायला शिकले. ती जाऊन सहा वर्षं झाली. तिचं बोलणं थोडंफार माझ्या हातात उरलंय. या बाईंचा हात घातला तर तेही जाईल."

 भूपाल खाली मान घालून बसले होते. चन्नव्वा उठली आणि वर निघून गेली. एक्केचाळीस जणांनी तिचे पाय धरले होते. नको म्हणणारी ही पहिलीच. दुपारभर तिचे टाके चुकत राहिले.

पण संध्याकाळपर्यंत तिचा राग उतरला. या पोरीला काय नको आहे, ते तिला नीट समजलं होतं. आत्या गेली तेव्हा तिची साडी नणंदेनं नेली, भांडी जावेनं नेली. चन्नव्वाकडे आत्याची राहिली ती एक करंगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुग्णांच्या वॉर्डात गेली. हातात लाकडी रिंगीत ताणलेला इरकलीचा तुकडा आणि लाल धागा होता. तन्मयीच्या पलंगाच्या टेबलाला तिनं ती रिंग चिमट्यानं घट्ट बसवली आणि पाटीपाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "डावा हात चालतोय न्हवं? मग तुजा पूल तूच भर."

पाटीवर अक्षरं उमटली. तन्मयीनं ती वाचली आणि चन्नव्वाकडे बघतच राहिली.

शरयूला हे कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "अव्वा, हे शिकायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

"नऊ. पर मी खेळत खेळत शिकलो."

"हिच्याकडे चौदा आठवडे आहेत. त्यापुढे हाताचे स्नायू हुकमाची वाट बघून बघून आटून जातील. मग सेतू बसवूनही उपयोग नाही." शरयू थांबली. "तुम्ही एक सेतू भरून ठेवा. तिच्या नावानं. हिला जमलं नाही तर तो वापरू."

"ठेवतो," चन्नव्वा म्हणाली. "पर तिला इचारूनच वापरायचा."

शिकवणं सुरू झालं. दोघींमध्ये बोलण्याची समान भाषा नव्हतीच. चन्नव्वा टाका घालायची, तन्मयी बघायची. चुकलं की चन्नव्वा तिच्या मनगटावर बोट टेकवायची आणि तन्मयी उसवायची. पहिला महिना कापडावर गेला. सरळ रेघ, मग जिना, मग छोटं वृंदावन. एका हातानं सुई वरून खाली टोचायची, मग तोच हात रिंगीखाली नेऊन ती ओढायची. दुसऱ्या महिन्यात भिंग आलं आणि खरं पटल आलं. सजीव धागा जरा जास्त ओढला की मरायचा, पांढरा पडायचा. तन्मयीनं बावीस सेतू मारले. तेविसाव्याला ती रिंग भिंतीवर फेकणार होती. चन्नव्वानं तिचा हात धरला, तिच्या मुठीतून सुई काढून घेतली आणि तिला बाहेर कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. तासभर दोघी तिथे नुसत्या बसून राहिल्या.

भूपाल रोज निपाणीहून डबा आणायचे आणि दाराशी उभे राहून लेकीकडे बघायचे. एकदा त्यांनी चन्नव्वाला विचारलं, "जमंल तिला?"

"हात चांगला हाय तिचा," चन्नव्वा म्हणाली. "मोजायला चुकत न्हाई. कानावर काय पडत न्हाई, म्हणून ध्यानबी ढळत न्हाई."

तेराव्या आठवड्यात तन्मयीचा एकतिसावा सेतू पुरा झाला. शरयूनं तो तपासायला घेतला. दुसऱ्या दिवशी ती दोघींसमोर बसली तेव्हा तिचा चेहरा अवघडलेला होता.

"चार ओळी जिवंत आहेत. चांगल्या आहेत, खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. पण अंगठ्याची ओळ मेली आहे. अंगठ्याशिवाय हात अर्धाच. नवा सेतू भरायला आता वेळ नाही." तिनं शीतपेटीतून दुसरी डबी काढली. "हा अव्वांनी भरलेला. पाचही ओळी उत्तम आहेत. डॉक्टर म्हणून माझं मत विचाराल, तर हा बसवावा."

तन्मयीनं दोन्ही सेतू भिंगाखाली पाहिले. एक रेखीव, दुसरा जरा ओबडधोबड. चन्नव्वा खिडकीकडे तोंड करून उभी होती. आपल्या चेहऱ्यावरून पोरीनं काही ठरवू नये, असं तिला वाटत होतं.

बऱ्याच वेळानं पाटी बोलली. "माझ्या सेतूवरची अंगठ्याची ओळ अव्वांना भरून द्यायला सांगा."

शरयूला ते चन्नव्वाला पुन्हा सांगावं लागलं. एकदा ऐकून तिचा विश्वास बसला नव्हता.

"पोरी, अंगठा माजा झाला तर तुजं बोलणं बदलंल की."

तन्मयीनं टाइप केलं, "तुम्ही मला शिकवलंत. थोडं तुमचं येणारच. ते मी विचारून घेते आहे."

चन्नव्वानं ती ओळ त्याच दिवशी भरली. एवढा सावकाश टाका तिनं आयुष्यात घातला नव्हता.

शस्त्रक्रिया झाली. मज्जातंतू दिवसाला एक मिलिमीटर सरकत राहिला. सहा महिन्यांनी तन्मयीला मधल्या बोटाच्या टोकाला पाण्याचा गारवा लागला. आठव्या महिन्यात बोटं स्वतंत्रपणे हलू लागली. हात पुरता तयार होईपर्यंत त्या हातानं बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. नवव्या महिन्यातल्या एका सकाळी, केंद्राच्या तपासणीच्या खोलीत, चन्नव्वा, शरयू आणि भूपाल यांच्यासमोर तिनं पाटी बाजूला ठेवली. दोन्ही हात वर घेतले आणि वडिलांकडे वळून ती बोलली.

वाक्य लांबलचक होतं. उजवा हात थोडा संथ, पण ठाम चालत होता. बोलून झाल्यावर ती हसली.

"काय म्हणाली?" शरयूनं उत्सुकतेनं विचारलं.

 भूपाल खुर्चीतून अर्धवट उठले होते. त्यांचे हात आपोआप वर आले आणि त्यांनी एक छोटी खूण केली. ती पाहून तन्मयीचं हसू थांबलं.

"काका?" शरयू म्हणाली.

"ती म्हणाली..." भूपालांनी पुन्हा लेकीच्या हातांकडे पाहिलं. "ती म्हणाली, अण्णा, घरी गेल्यावर मला आंबोळ्या करायच्या आहेत, पीठ भिजवून ठेवा. पण बाई, ही तन्मयी बोलली नाही. ही कुमुद बोलली." ते खाली बसले. "कुमुद, माझी बायको, आत्ता केली ती खूण तिच्याच नावाची; ती डावरी होती. ही लहानपणी तिचं बघून डाव्या हातानंच बोलायला लागली होती. शाळेत गेल्यावर मास्तरांनी उजवा करायला लावला. तो डावा हात तिथंच राहिला वाटतं, चार वर्षांच्या पोरीचा, आईसारखा बोलणारा. तोच हात हिनं आता उजव्यात भरला."

शरयू आलेख काढायला वळली आणि थांबली. आलेखाची गरज नव्हती. डाव्या हाताच्या तालात काय काय साठलेलं असू शकेल, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"तिचे व्हिडिओ आहेत माझ्याकडं," भूपाल म्हणाले. "रोज बघतो. पण व्हिडिओतली कुमुद तेच तेच बोलते. आज ती नवीन बोलली."

तन्मयी वडिलांच्या ओठांकडे आणि पाटीवर उमटणाऱ्या अक्षरांकडे आळीपाळीनं बघत होती. सगळं वाचून झाल्यावर तिनं स्वतःचा उजवा हात समोर धरला. मग हळूच खुणेनं एक प्रश्न केला. या वेळी भूपालांनी तो सांगितला.

"विचारते आहे, मग माझं बोलणं कुठं गेलं?"

 चन्नव्वा पुढे झाली. तन्मयीला वाचता यावं म्हणून ती पाटीशेजारी बसून सावकाश बोलली.

"मी आत्याकडं शिकलो न्हवं, तर सुरवातीची पाच-सा वर्सं माजं काम आन आत्याचं काम कुनाला वळकायचं न्हाई. आत्यालासुद्धा न्हाई. दोघींची लुगडी एका ढिगात पडायची. मग एकदा तिनं एक पदर उचलला आनि म्हणली, हा माजा न्हवं. मी मुद्दाम काय केलं न्हवतं बग. भरत भरत आलं. तुजंबी येईल. बोल तू. लई बोल."

जूनमध्ये तन्मयी शाळेत रुजू झाली. मुलांना फरक लगेच कळला. बाई कुणासारख्या तरी बोलतात, असं ती म्हणाली, पण कुणासारख्या ते त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. अंगठ्याची 'बरं' ही खूण मात्र सगळ्यांना आवडली. ती करताना बाईंचा अंगठा आधी तर्जनीवर दोनदा घासला जायचा, आणि थोड्याच दिवसांत सगळा वर्ग तसंच 'बरं' म्हणू लागला. चन्नव्वाच्या खोलीत आता नऊ जणींच्या जोडीला रुग्णांच्या बहिणी, नवरे आणि स्वतः रुग्णही आपापला सेतू आपणच भरायला रिंगा घेऊन बसत होते, आणि तिला दुपारचं जेवायलाही सवड मिळेना.

भूपाल दर शनिवारी सकाळच्या शाळेला येऊ लागले. मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसायचे. तन्मयी फळ्यासमोर उभी राहून नद्या शिकवायची, अपूर्णांक शिकवायची, कुणाला तरी खोडी काढल्याबद्दल रागवायची, आणि ते डोळे न हलवता तिच्या हातांकडे बघत राहायचे. तिनं त्यांना कधी अडवलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ते तिच्यापाशी आले आणि खुणेनं म्हणाले, "आज तीन-चार शब्द तुझे होते."

"कुठले?" तिनं विचारलं.

त्यांनी ते करून दाखवले. तिलाही ते ओळखीचे वाटले, आणि आनंदानं तिला भरून आलं. मग तिचं लक्ष वडिलांच्या चेहऱ्याकडे गेलं. ते हसत होते, पण त्यांची नजर अजून तिच्या उजव्या हातावरच खिळलेली होती. असे शब्द दर आठवड्याला वाढत जाणार होते. एक दिवस सगळंच बोलणं तिचं होणार होतं, आणि त्या शनिवारी मागचा बाक रिकामा राहणार होता. तो दिवस लवकर यावा की उशिरा, हे तिला काही केल्या ठरवता येईना. वडील वाट बघत उभे होते. तिनं हात वर घेतले आणि पुढचं वाक्य नेहमीपेक्षा सावकाश बोलली.